बी.ए. मानसशास्त्र झालं, आता पुढे कुठली शाखा? मराठवाड्यातल्या जाणकारांनी सांगावं

काळी_माती
नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यातली, यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय मानसशास्त्र. अकरावीला कला शाखेत वेळापत्रकात बसला म्हणून घेतला होता, पण आता याच विषयात पुढे जायचं मनात पक्कं आहे.

अडचण अशी की एम.ए.चं बघायला गेलं की क्लिनिकल, समुपदेशन, औद्योगिक, शैक्षणिक, फॉरेन्सिक अशी नावं समोर येतात, आणि यातलं कुठलं काम नेमकं कुठे करायला मिळतं ते कोणी सांगत नाही. आमचे सर म्हणतात क्लिनिकल घे, बाकीच्यांना किंमत नाही. मामा म्हणतात बी.एड. करून मोकळी हो. मैत्रीण पुण्याला चाललीय, ती म्हणते इकडे राहून काही होणार नाही.

मला माणसांत बसून करायचं काम हवंय, एवढं माझं मला कळलंय. स्टॅटिस्टिक्सची धास्ती आहे. घरी कोरडवाहू शेती, धाकटा भाऊ नीटची तयारी करतोय, त्यामुळे पैसा दोघांत वाटूनच खर्च होणार. वडील नाही म्हणत नाहीत. "शेवटी नोकरी कुठं लागंल ते सांग" एवढंच विचारतात, आणि तिथे मी अडकते.

ज्यांनी हे शिक्षण घेतलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

गावकूस
ताई, मामांचं एकदम उडवून लावू नका. बी.एड. हातात असलं की काहीतरी आधार राहतो. माझ्या माहितीतल्या एम.ए. मानसशास्त्र झालेल्या दोघीजणी आज बँकेच्या परीक्षा देतायत.

रात्रपाळी
काळी_माती, मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या पथकात काम करते. तुमच्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे दरवर्षी कितीतरी पोरी फसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

एम.ए.च्या गुणपत्रिकेवर 'क्लिनिकल' असं स्पेशलायझेशन छापून आलं म्हणून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात याची व्याख्याच दिलेली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेली क्लिनिकलची पात्रता पाहिजे. किंवा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर शिकणं असतं. त्यानंतर परिषदेच्या नोंदवहीत नाव जातं आणि सीआरआर नंबर मिळतो. सरकारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या जाहिरातीत हाच नंबर मागतात. नुसती एम.ए. असलेला अर्ज छाननीतच बाजूला पडतो.

या एम.फिल.च्या जागा देशभरातच थोड्या. महाराष्ट्रात पुण्याला ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. बाहेर बेंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, आसामात तेजपूर. प्रवेश परीक्षा, मुलाखत, आणि एम.ए.ला खुल्या गटात 55 टक्के तरी लागतात.

आता यात नवी भानगड झालीय. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद झाली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना तेवढी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली. पुढची वाट म्हणून आरसीआयने स्वतःचा एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी हा अभ्यासक्रम आणलाय. विद्यापीठाची 'एम.ए. मानसशास्त्र, स्पेशलायझेशन क्लिनिकल' ती वेगळी आणि परिषदेने मान्यता दिलेली ती वेगळी. नावं इतकी सारखी की प्रवेशाच्या गर्दीत फरक लक्षात येत नाही. म्हणून फी भरायच्या आधी आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि कुठल्या सत्राला मान्यता आहे या तिन्ही गोष्टी स्वतः बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

आणि काम कसं असतं तेही सांगते, कारण ते बघितल्याशिवाय शाखा ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. आमचं पथक ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयांत जातं. बाई येते ती "मला उदास वाटतं" असं म्हणत येत नाही. डोकं जड झालंय, हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, दोन ठिकाणी सलाईन लावून झालं, असं सांगते. सोबत सासू. दंडाला कुणीतरी मंतरून दिलेला काळा दोरा. नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेला. आधी सासूला रक्तदाब तपासायला म्हणून शेजारच्या खोलीत पाठवायचं, मग खुर्ची थोडी तिरकी करून बसायचं, म्हणजे तिला सारखं आपल्या डोळ्यांत बघावं लागत नाही. दोऱ्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. झोप कशी लागते, पहाटे किती वाजता जाग येते, जेवण जातं का, लेकरांवर चिडचिड होते का, असं विचारत विचारत नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-9 पर्यंत यायचं. त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तो गुळमुळीत विचारून चालत नाही, सरळ विचारावा लागतो. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तसला विचार घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. औषध मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लिहितात, आपल्याला तो अधिकार नाही. पण औषध चालू राहील की आठवड्यात बंद पडेल, ते बऱ्याचदा आपण तिला आणि तिच्या सासूला काय समजावून सांगितलं त्यावर ठरतं.

हे काम आवडणार असेल तर क्लिनिकलचा लांब रस्ता जरूर धरा. नुसतं नाव भारी वाटतं म्हणून धरू नका.

काळी_माती
रात्रपाळी मॅडम, इतकं कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. म्हणजे आत्ता एम.ए.ला साधं मानसशास्त्र घेतलं तरी दार बंद होत नाही ना? आणि समुपदेशन घेतलं तर परवाना लागतो का?

तेरणाकाठ
मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, मानसशास्त्र शिकवतो, एम.ए.च्या वर्गांनाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

दार बंद होत नाही, क्लिनिकलसाठी मात्र पुढे रात्रपाळी मॅडमनी सांगितलेला परिषदेचा मान्य अभ्यासक्रम लागेलच. संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे. तुमचा परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाखाली येतो, तिथल्या संलग्न महाविद्यालयांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळेल. एम.ए.चं पहिलं वर्ष सगळीकडे जवळपास सारखंच असतं: बोधनिक प्रक्रिया, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, प्रात्यक्षिकं. शाखा खऱ्या अर्थाने दुसऱ्या वर्षी फुटते. तोवर तुमचं मन दोनदा बदलेल, आणि ते बदलू द्यावं.

संख्याशास्त्राची धास्ती घेऊ नका. कला शाखेतून आलेली माझी बरीच मुलं 'टी-टेस्ट' म्हटलं की वहीत मान घालतात. मी त्यांना सूत्र नंतर सांगतो, आधी वर्गातल्याच मुलांचे झोपेचे तास फळ्यावर लिहायला लावतो. वसतिगृहातली मुलं आणि एसटीने रोज ये-जा करणारी मुलं, दोन्ही गटांची सरासरी काढायची आणि विचारायचं, हा फरक खरा धरायचा की योगायोग? बस, टी-टेस्ट म्हणजे एवढंच. बाकीचं एसपीएसएस हे संगणकावरचं सॉफ्टवेअर करतं. पण हा विषय टाळून मात्र चालणार नाही. समुपदेशन करणाऱ्यालाही एखादी चाचणी विश्वासार्ह आहे की नाही ते वाचून ठरवता आलं पाहिजे, नाहीतर बाजारात जे विकायला येईल ते खरं वाटतं.

नव्या धोरणाप्रमाणे एम.ए.च्या पहिल्या वर्षी संशोधन पद्धती आणि ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे ओजेटी, आलंय. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. बरीच मुलं ओजेटीचं पत्र ओळखीच्या शाळेतून सही-शिक्क्यासह आणून देतात आणि चार श्रेयांक घेऊन मोकळी होतात. याचं मला फार वाईट वाटतं. शाखा निवडायच्या आधी ते काम जवळून बघायची विद्यापीठानेच दिलेली ही एकमेव संधी आहे.

शिकवण्याच्या वाटेबद्दल खरं ते सांगतो. नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागतेच. सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, नेट देशभर. नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, म्हणून इंग्रजी पुस्तकांची सवय आत्तापासून लावा, मराठीत समजून घेऊन इंग्रजीत वाचा. नेटमधूनच जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची मदत, मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये फेलोशिप आहे. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप आहेत, तुम्ही ज्या गटात बसता त्याप्रमाणे बघा. पण नेट झालेले कितीतरी लोक माझ्यासारखे तासिका तत्त्वावर आहेत. वडील नोकरीचं विचारतात तेव्हा प्राध्यापकीचं चित्र रंगवून सांगू नका.

रात्रपाळी
समुपदेशनाचं मी सांगते. समुपदेशक म्हणून काम करायला आज आरसीआयची नोंदणी लागत नाही. पण 2021 मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी आयोगाचा कायदा केला, त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ धरलेले आहेत. पुढे नोंदणी येणार हे गृहीत धरून चाला. त्याच कायद्यावर बोट ठेवून यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवायला सांगितलेत. "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, त्वरित प्रवेश" असा फोन कोणाला आला तर आधी हे विचारा. आणि रविवारी-रविवारी भरणाऱ्या तीन महिन्यांच्या 'सर्टिफाइड थेरपिस्ट' वर्गांना पैसे देऊ नका. समोर रडणारा माणूस बसला की त्या प्रमाणपत्राचा काही उपयोग होत नाही, आणि इजा त्याला होते.

मन्याड
हाव, हे बरोबर बोललात मॅडम. मी नांदेडकडचा, अपंग लेकरांच्या शाळेत मानसशास्त्रज्ञ म्हणून हाय. सगळे क्लिनिकलचंच बोलायलेत म्हणून म्हणलं आपण शैक्षणिक अन् विकासात्मक मानसशास्त्राचं सांगावं. याला आपल्या भागात माणूस भेटत नाही, अन् गरज तर प्रत्येक तालुक्याला हाय.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, सगळं त्यात आलं. 40 टक्के किंवा त्यापुढं प्रमाणपत्र भेटलं की लेकराला सवलती लागू होतात. ते टक्के ठरवायला बुद्धिमत्ता चाचणी लागते. आपल्याकडं बिने-कामत चालते, कामतांनी बिनेची चाचणी मराठी अन् कन्नडसाठी बसवली ती. सोबत मॅलिनची मिसिक ही लेकरांची बुद्धिमत्ता चाचणी, अन् व्हीएसएमएस, म्हणजे लेकरू रोजचं जगणं किती जमवतंय त्याची मोजणी.

आता बघा काय व्हतं. तांड्यावरनं एक आई लेकराला घेऊन आली. नऊ-दहा वर्षांचं पोरगं. घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी, अन् शाळा तरी कुठं, सहा महिने आईबाप कारखान्याला अन् पोरगं पाचटात. टेबलासमोर बसवलं, "मी म्हणतो ते आकडे उलटे म्हण" म्हणलं तर पोरगं नुसतं माझ्या घड्याळाकडं बघायलंय. नुसती चाचणी भरली असती तर मंद म्हणून शिक्का बसला असता. मी पेपर बाजूला ठेवला, आईला विचारलं हा घरी काय काय करतो. म्हणली, शेरडं हाच राखतो, कुठली गाभण हाय, कुठली दुसऱ्याच्या कळपात गेली, समदं त्याला ठाव. बाजारात सुट्टे पैसे बरोबर परत आणतो. व्हीएसएमएस भरताना हे सगळं कामाला आलं. चार रोज येऊ दिलं, तांड्यावरल्या एका कॉलेजच्या पोराला सोबत बसवलं, मग कुठं पोरगं खुललं. त्याला बौद्धिक अक्षमता नव्हतीच. वाचता येत नव्हतं, कारण सलग वर्षभर कोणी शिकवलंच नव्हतं.

याच्या उलटं पण व्हतं. खरोखर अध्ययन अक्षमता असलेलं हुशार लेकरू, तोंडी सगळं सांगतं अन् लिहायला घेतलं की अक्षरं उलटी. मास्तर म्हणतात आळशी हाय, बाप मारतो. दहावीच्या बोर्डात अशा लेकरांना जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती हायत. पण तपासणारं माणूस भेटायला पाहिजे, अन् ते वेळेत भेटायला पाहिजे. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून काय उपयोग?

चाचणी घेणं कुणालाही शिकवता येतं. आलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, ते कळायला मानसशास्त्र शिकावं लागतं. काळी_माती ताई, लेकरांत रमत असाल तर हे बघा. एम.ए. करून पुनर्वसन मानसशास्त्राचा आरसीआय मान्य पदविका अभ्यासक्रम करता येतो, किंवा विशेष शिक्षणातलं बी.एड. मामा बी पुन्यांदा काही म्हणणार नाहीत, ते बी.एड.च हाय.

गावकूस
हे विशेष बी.एड.चं माहीत नव्हतं. चांगली माहिती दिलीत दादा.

लातूरची_आई
मी पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा लातूरला नीटच्या वर्गाला होता. बाहेरगावची मुलं एका खोलीत तीन-तीन, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत वर्ग आणि अभ्यासिका, दर आठवड्याला टेस्ट, आणि रँक लगेच पालकांच्या मोबाइलवर. माझ्या मुलाची झोप उडाली होती, तोंडाला चव नव्हती, आणि आम्ही फोनवर फक्त मार्क विचारत होतो. बोलायला माणूस शोधत होते तर एका ठिकाणी बोटांचे ठसे घेऊन मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता सांगणारा रिपोर्ट हातात ठेवला, रंगीत आलेखांसकट. पैसे चांगलेच घेतले. नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, भारतीय मानसोपचार संघटनेनेही तसं जाहीर केलेलं आहे. मग एका समुपदेशक ताईंकडे काही महिने गेलो. त्यांनी त्याच्याबरोबर आमच्याशीही बोलून घेतलं. आज तो बी.एस्सी. करतोय आणि बरा आहे.

म्हणून सांगते बाळा, शाळा-कॉलेजातलं समुपदेशन हे हलकं काम समजू नकोस. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. कोचिंग क्लासही त्यात आले. लातूरात, संभाजीनगरात किती क्लास आहेत ते तुलाही माहीत आहे. मुलं आणि वय समजणारी, मराठीत बोलणारी माणसं या संस्था आणणार कुठून?

आणि तुझा भाऊ नीटची तयारी करतोय म्हणालीस, त्याला मार्कांशिवाय काहीतरी विचारत जा.

शेंद्रा_शिफ्ट
औद्योगिक मानसशास्त्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मी संभाजीनगरला एका वाहन सुट्या भागांच्या कारखान्यात एचआरमध्ये आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा मिळून उद्योग भरपूर आहेत, पण 'इंडस्ट्रियल सायकॉलॉजिस्ट पाहिजे' अशी जाहिरात मी इकडे पाहिलेली नाही. एचआरला एमबीए घेतात, कामगार कल्याण अधिकाऱ्याला समाजकार्य किंवा कामगार कल्याणाची पदवी-पदविका मागतात. ही शाखा घेतली तर भरतीच्या चाचण्या, प्रशिक्षण, सल्लागार कंपन्या असं काम मिळतं, तेही पुण्या-मुंबईत जास्त. माणसांत बसायचं म्हणता, तर हे तुमच्यासाठी नसावं. काम मात्र आहे. रात्रपाळीत सलग आठवडा काढलेल्या माणसाचं लक्ष पहाटे कसं ढेपाळतं आणि प्रेसवर हात कसा सापडतो, याचा अभ्यास इथे कोणीतरी करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

एक_प्रवासी
सगळ्यांचं वाचलं. थोडं कडू वाटेल तरी सांगतो, मैत्रीण बरोबर बोलतेय. मी बीडचा, मुंबईत एम.ए. केलं, तिथेच खाजगी क्लिनिकमध्ये आहे. तिकडे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था आहे, ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. शिकवणारे स्वतः रोज रुग्ण बघतात. इकडे विभागात चाचण्यांचे जुने झेरॉक्स आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत गेल्या वर्षीचे आकडे. फॉरेन्सिक करायचं तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठासारख्या ठिकाणी जावं लागतं. क्षमता असेल तर बाहेर पडावं.

तेरणाकाठ
गेल्या वर्षीच्या आकड्यांचं खरं आहे, नाकारत नाही. बाहेर शिकायला जावं यालाही माझा विरोध नाही, टाटाला परवडत असेल तर जरूर परीक्षा द्यावी. (टाटाचंच तुळजापूरला ग्रामीण केंद्र आहे, पण तिथे भर समाजकार्य आणि ग्रामीण विकासावर आहे, त्यामुळे नावावरून गोंधळ करून घेऊ नका.) फॉरेन्सिकचं एक सांगतो, मालिका बघून ती शाखा घेऊ नये. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग यांपैकी काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही असा 2010 चा सेल्वी खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. त्या शाखेत कायदा वाचायची तयारी पाहिजे.

पण इकडे काही होणार नाही, हे मला मान्य नाही. 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, ते 12 राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र नव्हताच. म्हणजे उपचाराची गरज असलेल्या किती लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत याचे जे आकडे आपण परीक्षेत लिहितो, त्यात आपला एकही माणूस मोजलेला नाही. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर वाचलेल्या लोकांचा मनोविकारांच्या अंगाने अभ्यास झाला, तो परदेशी नियतकालिकात छापून आला. त्या वेळी लहान असलेली मुलं आज चाळिशीत आहेत. त्यांना जाऊन कोण विचारणार? ऊसतोड कुटुंबातल्या मुलांचं हंगामी स्थलांतर, सलग दुष्काळात कर्ज अंगावर घेऊन राहिलेल्या बायका, हे सामाजिक आणि आरोग्य मानसशास्त्राचे विषय आहेत आणि ते आपल्या दारात आहेत. या दोन शाखांचं नाव या धाग्यात अजून कोणी घेतलंच नाही, यावरूनच कळतं की आपण शाखा कशा निवडतो.

रात्रपाळी
एक_प्रवासी, तुम्ही शिकलात त्या दर्जाचं प्रशिक्षण मलाही इकडे हवंय, त्यावर वाद नाही. पण राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. जालन्याला मंजूर झालंय, ते उभं राहील तेव्हा तिथे माणसं लागतील. नातेवाईक पेशंटला घेऊन रात्रभर एसटीने जातात, तिथलं बोलणं धड कळत नाही, परत येतात आणि औषध बंद. मी हे दर आठवड्याला बघते. शिकायला जा, दोन वर्षं, चार वर्षं, पण परत यायचं ठरवून जा, एवढंच मागणं आहे माझं.

काळी_मातीच्या वडिलांनी नोकरीचं विचारलंय, त्याचं सरळ उत्तर देते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पदं आहेत, बरीचशी कंत्राटी, करार सहसा 11 महिन्यांचा आणि पुढे नूतनीकरण. शेतकरी कुटुंबांसाठी आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प आपल्या आठही जिल्ह्यांत आला, त्यात गावपातळीवर आशाताई आणि वर समुपदेशन. किशोरवयीन मुलांची मैत्री क्लिनिक, एचआयव्ही तपासणी केंद्रं, वन स्टॉप सेंटर, टेली-मानसची 14416 ही चोवीस तासांची हेल्पलाइन, यांत समुपदेशक असतात. काही जागांना समाजकार्यवालेही स्पर्धेत असतात. पगार एकदम भरघोस नाही आणि कंत्राटाची टांगती तलवार आहे, हे वडिलांपासून लपवू नका. पण काम नाही असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

काळी_माती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना हा पूर्ण धागा वाचून दाखवला. मन्याड दादांच्या शेरडं राखणाऱ्या पोराचं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. नोकरीच्या उत्तरावर म्हणाले, "कंत्राटी असू दे, पण खोटं सांगितलं नाही बाईनं." लातूरच्या काकू, भावाला आज फोन केला, टेस्टचं काही विचारलं नाही.

माझं सध्या असं ठरतंय की एम.ए. मानसशास्त्र जवळच्या विद्यापीठातून करायचं, पहिल्या वर्षात शाखेचा आग्रह धरायचा नाही, आणि ओजेटी दोन ठिकाणी बघायचं, एक जिल्हा रुग्णालय आणि एक लेकरांची शाळा. दुसऱ्या वर्षापर्यंत आरसीआयचं चित्रही स्पष्ट होईल. रुग्णालयात ओजेटीसाठी विचारायचं कसं? ओळख काहीच नाही.

मन्याड
शाळेचं माझ्याकडं लागलं. निरोप पेटीत लिहा, आमच्या मुख्याध्यापकांना बोलतो.

रात्रपाळी
ओळख लागत नाही. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने घ्या, विषयात 'मानसिक आरोग्य विभागात निरीक्षण व प्रशिक्षण' असं लिहा, आणि आवक विभागात देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका, पत्रं गहाळ होतात. मग ती पोच घेऊन मानसिक आरोग्य विभागात येऊन भेटा.

तुम्हाला पहिल्यापासून पेशंटबरोबर एकटीला बसवणार नाहीत, कोणी बसवायला लागलं तर तुम्हीच नाही म्हणा. सुरुवातीला केस हिस्टरी कशी घेतात ते ऐकायचं, मग आमच्यासमोर तुम्ही घ्यायची, मग आम्ही चुका सांगणार. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा कायद्याने दिलेला त्याचा हक्क आहे, त्यामुळे वहीत नाव-गाव लिहायचं नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा, आणि ओळखीचं माणूस दिसलं तर घरी जाऊन आईलाही सांगायचं नाही. आपल्या तालुक्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून हे जास्तच पाळायचं.

अर्जावर कुठल्या वारी येऊ शकता ते लिहा, म्हणजे ग्रामीण रुग्णालयाच्या फिरतीला गाडीत तुमची जागा धरता येईल.